काकूंचं चिलखत दोन

सासूबाईंच्या कवळीला तडा गेला नसता तर त्या गल्लीत मी कधी पाय ठेवला नसता. तडा केसाएवढाच होता, पण त्यांनी जेवण कमी केलं, आणि दातांच्या डॉक्टरांनी नवी कवळी करून घ्या म्हटल्यावर बोलणंही कमी केलं. नवी नको, हीच हवी. आमच्या घरात सासूबाई गप्प बसल्या की सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. शेवटी डॉक्टरांकडच्या मदतनीस बाईंनी मला बाजूला घेऊन एका कारागिराचा पत्ता दिला. डॉक्टर नुसता साचा घेतात, कवळी घडवतात ते हे, असं त्या म्हणाल्या.

सगळे त्यांना कवळीकाका म्हणतात. दुकान म्हणजे एकीमागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, घासायचं मशीन, मेणाची भांडी आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. अख्ख्या वस्तीचं हसू तिथे ओळीने मांडलेलं. काका उंच, थोडे वाकलेले, भुवयांवर कायम प्लास्टरची पूड. बोलताना ते डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. पहिल्या दिवशी मी ओठ मिटूनच बोलत होते.

त्यांनी सासूबाईंची कवळी हातात घेतली, उलटी केली, आतल्या बाजूने अंगठा फिरवला आणि मला म्हणाले की कवळीत काही बिघडलेलं नाही, जबडा बदललाय. दात गेले की खालचं हाड हळूहळू झिजतं. कवळी मात्र ज्या दिवशी केली त्या दिवसाचाच जबडा लक्षात ठेवून बसते. लोक जुनी कवळी घेऊन येतात आणि अगदी अशीच दुसरी करून द्या म्हणतात. तशी करून दिली तर ती पहिल्या दिवसापासून टोचते. मग यावर उपाय काय, तर अस्तर. बाहेरून काहीच हलवायचं नाही. आतून खरवडायचं, मऊ थर भरायचा, तोंडात बसवून आजच्या जबड्याचा ठसा त्यात उमटू द्यायचा.

"बाहेरून आज्जींना तेच दात, तेच हसू," ते म्हणाले. "आतलं आपल्याला माहीत."

सासूबाईंनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं, आणि कवळी आहे तशीच आहे, डॉक्टरांनाच काही कळत नाही, असा निकाल दिला.

त्याच सुमारास माझी लेक शनिवारी संध्याकाळी घराबाहेर जाऊ लागली. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी दाराची घंटा वाजली तरी ती पडद्यामागे पळायची, म्हणून तिचे बाबा तिला खार म्हणतात, आणि तेच नाव पडलं. शाळेत उत्तर येत असायचं पण हात वर जायचा नाही. अशी मुलगी आपणहून बाहेर पडते आहे म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला झोप लागेना.

"कुठे जातेस?"

"खेळायला."

"काय खेळता?"

"गोष्ट."

"गोष्ट कशी खेळतात?"

"बसून," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

खोदून खोदून विचारल्यावर पत्ता कळला, तो कवळीकाकांच्या दुकानाचा. मी ताबडतोब कवळीला चकाकी आणायचं निमित्त काढलं. सासूबाई घरी बिनदाताच्या बसल्या आणि मी शनिवारी संध्याकाळी दुकानात जाऊन हजर झाले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. जुन्या दरवाजाची फळी दोन लाकडी घोड्यांवर टाकून मोठं टेबल केलेलं, त्यावर खाली ओढलेला दिवा. लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेले असते तर तिला बरं वाटलं असतं. काकांनी मात्र कवळी घेतली, पुढच्या खोलीतली खुर्ची दाराशी सरकवली आणि वेळ लागेल, बसा म्हणाले. चकाकीला फार वेळ लागत नाही, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर मी चार-पाच वेळा तरी तशी बसले असेन. आधी पाळतीवर, मग नादाने. आठवड्यात मधेच कधी गेले तर काम करता करता काका बोलायचे. त्यांची हकिगत मला त्या मशीनच्या घरघरीत, थोडी थोडी करून कळली आहे.

खेळ साधा आहे. पट नाही, जिंकणं-हरणं नाही. एक जण सूत्रधार. तो सांगतो की तुम्ही एका पुलापाशी आला आहात, पलीकडे काहीतरी हलतंय. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घेतलेलं असतं, कुणी सरदार, कुणी जादूगार. माझं पात्र आता काय करेल ते प्रत्येक जण सांगतो. ते जमतं की फसतं हे फासा ठरवतो. तो फासा वीस बाजूंचा असतो. मग सूत्रधार पुढचं सांगतो. गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहते. काकांनी त्यासाठी कवळीच्या उरलेल्या मसाल्यातून छोट्या मूर्ती केल्या आहेत, सगळ्या हिरड्यांच्या गुलाबी रंगाच्या. राक्षसांच्या तोंडात खऱ्या कवळीचे दात आहेत आणि ते फार सुबक बसवलेले आहेत.

हे दुकान त्यांच्या मामांचं. तिथे उमेदवारी करत असताना रद्दीच्या खोक्यात त्यांना या खेळाच्या पहिल्या आवृत्तीचं पुस्तक सापडलं. पातळ, फिकट छपाईचं, अर्ध्या गोष्टी न सांगितलेलं. मामा रागावतील म्हणून ते जबड्यांच्या मागे लपवायचे. समोरच्या औषधाच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली बसणारा मुलगा हा पहिला साथीदार. तेच आताचे मेडिकलवाले. आणि काकू, म्हणजे आता काकांची बायको, तेव्हा डॉक्टरांकडून साचे आणून द्यायच्या. एकदा साचे अदलाबदल झाले म्हणून त्या भांडायला आल्या, तर मागच्या खोलीत दोघांचा वेगळाच वाद चाललेला, गुहेचं दार आत उघडतं की बाहेर. काकूंनी उंबऱ्यातूनच निकाल दिला आणि आत येऊन बसल्या.

"ती अजून उठलेली नाही," असं काका सांगतात.

पहिल्या आवृत्तीत माणूस फार पटकन मरायचा. जिवाचा आकडा शून्यावर आला की मेला, कागद फाडायचा, नवं पात्र घ्यायचं. काकूंचं पहिलं पात्र असंच गेलं. त्या ऐकेनात. मेली हे कशावरून, जवळ जाऊन कुणी बघितलं का? काका म्हणाले, पुस्तकात लिहिलंय. काकू म्हणाल्या, पुस्तक तिथे होतं का? वाद एक महिना चालला, आणि मग या टेबलाचा एक रिवाज ठरला. कुणीतरी जवळ जाऊन, हात लावून बघेपर्यंत मेला म्हणायचं नाही. तो नियम कुठल्याही आवृत्तीत नाही. या घरात मात्र तेव्हापासून पाळला जातो.

आवृत्ती बदलली की किती बदलतं, हे मी एकदा काकांना विचारलं. मला वाटलं होतं, पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती येते तसं, दोन धडे इकडचे तिकडे. ते म्हणाले, घर तेच पण जिना भलतीकडे, असं होतं. दुसरी आवृत्ती पहिलीची सुधारून घेतलेली बहीण. तिसरी इतकी जाड की पोहायला, दोर चढायला, खोटं बोलायला, सगळ्याला वेगळा नियम. चौथीचं नाव मेडिकलवाल्यांसमोर काढायचं नाही. आणि आताची नवी फार दयाळू. जुन्यात जादूगार मंत्र एकदा म्हणाला की विसरायचा, सकाळी पुन्हा पाठ करावा लागायचा. नव्यात काही मंत्र संपतच नाहीत. जुन्यात जखम भरायला दिवसच्या दिवस जायचे. नव्यात एक रात्र झोपलं की माणूस ठणठणीत. शून्यावर आलं तरी मरत नाही, फासा टाकून सावरायच्या संधी मिळतात. मेडिकलवाले म्हणतात, नव्या आवृत्तीत मरायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो.

पण सगळ्यात मोठा घोळ चिलखताचा. जुन्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका कमी तितका माणूस भक्कम. अंगावर साधे कपडे असतील तर दहा, डोक्यापासून पायापर्यंत पोलाद असेल तर दोन. नव्यात बरोबर उलटं. साधे कपडे दहाच, पण पोलाद म्हणजे अठरा; हल्ल्याचा फासा त्या आकड्याएवढा किंवा वर पडला तरच वार लागतो. नव्या पुस्तकाच्या हिशेबाने ज्याचा आकडा दोन तो उघड्या माणसाहूनही उघडा.

मग सारखं काय राहिलं, मी विचारलं. काकांनी मशीन थांबवलं.

"पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नसतं. सूत्रधारालासुद्धा," ते म्हणाले. "तेवढं सगळ्या आवृत्त्यांत आहे."

काकांचं टेबल, जिथे सूत्रधार कायम तेच, दुसऱ्या आवृत्तीपाशी थांबलं होतं. नव्या येत राहिल्या, ते विकत घेऊन वाचत राहिले आणि फळीवर ठेवत राहिले. खेळ जुन्याच पुस्तकातून चालला. गेल्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे शब्द आत आहेत, पण त्या दार म्हणायला जातात आणि डबा म्हणतात, आणि चुकलं हे त्यांना कळतं, त्याने आणखी चिडतात. ज्यांनी एका नियमासाठी महिनाभर वाद घातला त्यांना पाणी मागता येईना. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या, चित्रं दाखवायच्या. काकूंनी चित्रं फेकून दिली. आणि मग एका शनिवारी काकांनी त्यांना टेबलापाशी आणून बसवलं, फासा डाव्या हातात दिला, आणि सरदार पुढे काय करणार असं विचारलं. काकू म्हणाल्या, ढाल उचलते, दाराशी उभी राहते. अख्खं वाक्य. आकडा तर एकही चुकला नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की जुनं जे हाताशी आहे त्याला धक्का लावू नका, आत्ता नवीन काही लादू नका.

काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात कुणाचे तरी पुढचे दात होते. काका सगळे दात एका रेषेत बसवत नाहीत. जुना फोटो मागवून एखादा किंचित वाकडा ठेवतात, नाहीतर माणूस खरा वाटत नाही म्हणतात. त्या दिवशी तो एक दात ते पुन्हा पुन्हा काढत होते आणि बसवत होते.

टेबल राहिलं तरच काकूंची शनिवारची ती वाक्यं राहणार होती, आणि टेबलच मोडायला आलं होतं. जुन्या गड्यांपैकी एकाची बदली झाली, एक मुलाकडे राहायला गेले, एकांना ऐकू येईनासं झालं. उरले मेडिकलवाले. दोघांत गोष्ट चालत नाही. म्हणून मेडिकलवाल्यांनी आपल्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली, खेळायला माणसं हवीत. ती वाचून माझ्या लेकीच्या वर्गातले दोघे जुळे आले, एक चष्म्याचा आणि एक बिनचष्म्याचा. येताना ते खारीला ओढून घेऊन आले.

चष्म्याच्या मुलाने दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक दोन बोटांत धरून बघितलं आणि अदबीने सांगितलं की आम्हाला नवीच येते. लेक बिचारी नवखीच, तिला जुळ्यांनी शिकवलं तेच. जुनी शिकायला लागली तर आम्ही दुसरं टेबल बघू, असंही तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, नुसतं खरं होतं. काकांनी आठवडाभर काकूंना नवी समजावून बघितली. सरदाराचं चिलखत आता दोन नाही, अठरा. काकूंनी ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, अठरा म्हणजे उघडी असं म्हणाल्या आणि फासा भिंतीवर मारला.

जुनी धरली तर मुलं जाणार, नवी धरली तर काकू. हा पेच काकांना एका कवळीला अस्तर लावताना सुटला. टेबलावर नवी आवृत्ती चालू झाली. काकूंचा कागद जुनाच राहिला. त्या आपल्या जुन्या आकड्यावर खेळायच्या आणि काका तो मनातल्या मनात वीसमधून वजा करून नव्यात बसवायचे. हल्ला लागला की नाही एवढंच मोठ्याने सांगायचं. मेडिकलवाल्यांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं आणि ते काही बोलले नाहीत. मुलांना सांगितलं नाही, कारण मुलांनी सवलत दिली असती, आणि सवलत मिळतेय असं काकूंना कळलं असतं तर त्या उठल्या असत्या. मला का सांगितलंत, असं मी विचारलं. काका म्हणाले, कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तुम्ही काही खेळत नाही.

त्यामुळे त्या शनिवारी दाराशी बसलेल्या मला ते माहीत होतं आणि आत बसलेल्या माझ्या लेकीला माहीत नव्हतं.

गोष्टीत सगळे एका पुलापाशी आले होते. अलीकडे तळघराचं दार, पलीकडून दगडाचे तीन कुत्रे चालत येत होते. आधीच्या शनिवारी त्या तळघरात लोखंड खाणारे किडे निघाले होते, ते लक्षात ठेवायला हवं. कुणी पुढे उभं राहायचं ते ठरवायला चष्म्याच्या मुलाने सगळ्यांचे चिलखताचे आकडे विचारले. असं मोठ्याने कधी कुणी विचारत नसे. त्याचा स्वतःचा सोळा. मेडिकलवाल्यांचा सतरा. माझ्या लेकीचं पात्र दोरावर चढणारी एक हलकी मुलगी, तिचा चौदा.

"दोन," काकू म्हणाल्या. मान ताठ करून, स्वच्छ.

काकांचा हात फाशावर थांबला. जुळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बिनचष्म्याचा खारीच्या कानाशी वाकून कुजबुजला, पण खोली लहान, मलाही ऐकू आलं. किड्यांनी खाल्लं वाटतं काकूंचं चिलखत, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तेवढ्यात काकूंनी डाव्या हाताने आपली गुलाबी मूर्ती उचलून पुलावर ठेवली.

"मी त्यांच्या पुढे जाते," माझी लेक म्हणाली.

सूत्रधार अशा वेळी एकदाच विचारतो. काकांनी दोनदा विचारलं. नक्की? ती म्हणाली, नक्की. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मी खुर्चीत पुढे सरकले. अगं, त्यांना गरज नाही, त्या पोलादात आहेत, तूच उघडी आहेस, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी खेळत नाही म्हणून मला सांगितलं होतं. मी तोंड मिटून बसले.

या टेबलावर सूत्रधाराचे फासे सगळ्यांसमोर पडतात. तीनही लागले. लेकीच्या जिवाचा आकडा शून्य झाला.

काकूंनी डाव्या हाताने टेबलावर इतक्या जोरात मारलं की मूर्ती आडव्या झाल्या.

"मला वाचव म्हणून कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "सरदार मी आहे. दोन आहे माझं. दोन."

बिनचष्म्याच्या मुलाने समजूत घातल्यासारखं सांगितलं की काकू, दोन म्हणजे काहीच नाही हो. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगून टाकलं, फार थोडक्यात, खाली बघत. जुना आकडा, वीसमधून वजा, इतके दिवस.

"म्हणजे काकू दुसऱ्याच पुस्तकातून खेळतायत?" चष्म्याच्या मुलाने विचारलं.

काकूंनी टेबलाची कड धरली आणि त्या उठायला लागल्या. एका हाताने उठताना त्यांना वेळ लागतो. खुर्ची मागे गेली, त्या अर्ध्या उभ्या राहिल्या, आणि काका काही करू शकले नाहीत. जुन्या गोष्टीतलं त्यांचं ते वाक्य मला आठवलं, ती अजून उठलेली नाही.

बिनचष्म्याचा मुलगा गडबडून माझ्या लेकीला म्हणाला, तू फासा टाक, तुला संधी आहेत, सावरशील. लेकीने फासा उचलला, पण टाकला नाही. मला वाटलं आता ही रडणार. घरी ती एवढ्याशा गोष्टीने रडते.

"काकू," ती म्हणाली, "मी पुलावर पडलेय. तुमच्या पुस्तकात मी मेले का?"

काकू उभ्याच होत्या. त्यांनी पडलेल्या मूर्तीकडे बघितलं. ओठ हलत होते, शब्द शोधत होते.

"शून्य," त्या म्हणाल्या. "मेली."

आणि मग ओठ पुन्हा हलायला लागले. मेडिकलवाले पुढे झुकले होते, जणू तो शब्द ते स्वतः ओढून काढणार होते.

"कुणी बघितलं?" काकू म्हणाल्या. "जवळ जाऊन. कुणी बघितलं का?"

त्या बसल्या. आपली मूर्ती उभी केली आणि तीन कुत्र्यांच्या मधून पुढे सरकवली. सरदार जाते, बघते, असं म्हणाल्या. आता कुत्रे त्यांच्यावर येणार होते. काकांनी फासे उचलले, पण आकडा काही त्यांच्या तोंडून निघेना. डोळे भरले असले म्हणजे वजाबाकी होत नसावी. चष्म्याच्या मुलाचे ओठ हलले.

"वीस वजा दोन," तो म्हणाला. "अठराला पोचलं पाहिजे, काका. अठरा आलं तरी लागेल. टाका."

पहिला नऊ. दुसरा चौदा. तिसरा एकोणीस, तो लागला. काकूंनी तो अंगावर घेतला आणि हसल्या, अर्ध्या तोंडाने. मग त्यांचा हात मूर्तीपर्यंत न जाता टेबलावरून सरळ माझ्या लेकीच्या हातावर गेला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "मेली नाही."

हा नियम कुठल्या आवृत्तीतला, असं बिनचष्म्याच्या मुलाने विचारलं. मेडिकलवाले खिशातला रुमाल काढत म्हणाले की या टेबलाचा, आणि आता पुढे काय ते बोला, कुत्रे थांबलेत.

परत येताना रस्ता ओलांडायला मी लेकीचा दंड धरला. मी नेहमीच धरते. पलीकडे गेल्यावर तिने विचारलं की मी पुढे गेले तेव्हा तुला माहीत होतं ना. मी हो म्हटलं. काही बोलली नाहीस, ती म्हणाली. त्यात तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही. मी अजून दंड धरलेलाच होता. तिने त्या हाताकडे बघितलं आणि अगदी सहज, चिडवल्यासारखं विचारलं, "आई, तुझ्या पुस्तकात माझं चिलखत किती गं?" तिच्या जन्मापासूनचा एक आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलेला आहे, आणि तो मी नुसता मोठ्याने म्हटला असता तरी ती हसली असती. मी हात सोडला. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा धरला. इतक्या लवकर सवय जात नाही.

आता मी तिथे जाऊन बसत नाही. बसायला आवडेल, पण बसत नाही. ती परतते, तिची किल्ली दारात फिरल्याचा आवाज येतो, आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी करत असल्यासारखी दिसते. गोष्टीत काय झालं ते ती उभ्या उभ्या सांगते. जुळ्यांनी आता काकूंच्या आकड्यांचा हिशेब आपल्याकडे घेतलाय. दोघेही मोठ्याने वजाबाकी करतात, आणि चुकले तर काकू त्यांना चांगलं फैलावर घेतात.

मधे सासूबाईंची कवळी पुन्हा ढिली झाली म्हणून मी दुकानात गेले. अस्तर कायमचं नसतंच, काका म्हणाले, जबडा बदलतच राहणार, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. मग खरवडता खरवडता त्यांनी सांगितलं की गेल्या शनिवारी चष्म्याचा मुलगा आला नव्हता. हल्ला झाला, फासा पडायचा होता, आणि त्याचा भाऊ बोटांवर मोजत बसला. काकूंनी त्याच्या बोटांकडे बघितलं.

"माझं दोन," त्या म्हणाल्या. "पोरांच्या पुस्तकात अठरा."

कुणी शिकवलं नव्हतं. काका हे सांगताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, पहिल्यांदाच डोळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी भुवईवरची पूड पुसली, कवळी उलटी केली आणि मशीन सुरू केलं.